आधीं मरण कीं आधीं बुरशी?

ओलसर तळघरांत किंवा गुहेच्या छताला कधीं कधीं एखादा कोळी अगदीं निश्चल चिकटलेला आढळतो. आठही पाय जागच्या जागीं असतात. पण अंगावर पांढऱ्या कापसासारखें आवरण चढलेलें असतें आणि त्यांतून बारीक तंतु बाहेर आलेले असतात. पाहणाराच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, कोळी मेला आणि शिळ्या भाकरीवर धरावी तशी त्याच्या मृत देहावर बुरशी धरली. हा विचार इतका सरळ आहे कीं, त्याविषयीं शंका घेण्याचें कोणास सहसा सुचत नाहीं. वस्तुस्थिति मात्र नेमकी उलट आहे. बुरशी आधीं आली आणि मरण मागाहून आलें. हा साधा क्रम उलगडण्यास पुष्कळ काळ जावा लागला, आणि तो उलगडत असतां रोगाविषयींची मनुष्याची समजूतच पालटून गेली.

या कथेचा आरंभ कोळ्यापासून नव्हे, तर गांधीलमाशीपासून होतो. १७४९ सालीं क्यूबा बेटांत हावाना शहराजवळ जोसे टोरूबिया नांवाच्या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकास कांहीं मृत गांधीलमाशा सांपडल्या. प्रत्येकीच्या पोटांतून एकेक रोपटें निघालेलें होतें. १७५४ मध्यें माद्रिद येथें छापलेल्या आपल्या निसर्गेतिहासाच्या ग्रंथांत त्यानें हा चमत्कार चित्रासह प्रसिद्ध केला. पुढें १७६३ सालीं वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटांतून आलेली अशीच एक हकीकत विल्यम वॉटसन यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडली. मे महिन्यांत ही माशी स्वतःस मातींत पुरून घेते, जुलैअखेर तिचें रोप पूर्ण वाढतें, त्याला शेंगा येतात, त्या गळून पडल्या म्हणजे त्यांच्या अळ्या होतात आणि अळ्यांपासून पुन्हां माशा होतात, असें त्या हकीकतींत होतें. चौऱ्यांशीं लक्ष योनींचा फेरा जणुं एका पावसाळ्यांतच पुरा व्हावा, असा हा प्रकार! पूर्वेकडेही अशी समजूत होतीच. तिबेट व चीन या देशांत औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या एका वस्तूच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘हिंवाळ्यांत किडा, उन्हाळ्यांत गवत’ असा आहे; उत्तराखंडांतील डोंगरी लोक तिलाच कीडाजडी म्हणतात.

डोमिनिकेंतील नमुना जॉन हिल नांवाच्या वैद्यानें तपासला. त्याचा निर्णय असा कीं, प्राण्याचें झाड मुळींच होत नाहीं. मातींत दडलेलें किड्याचें पिलूं प्रतिकूल ऋतूमुळें मरतें, आणि त्याच्या मृत शरीरावर बुरशीचें बीज पडून रुजतें. भोळसट कल्पना एका फटक्यासरशी दूर झाली. परंतु तिच्या जागीं आलेलें उत्तर अर्धेंच खरें होतें. किडा आणि बुरशी हे दोन निराळे जीव, हें हिलनें ओळखलें. त्यांपैकीं मारणारा कोण, हें त्यास ओळखतां आलें नाहीं. बुरशी ही त्याच्या दृष्टीनें केवळ थडग्यावरील गवत होती.

उरलेलें अर्धें उत्तर इटलींतून आलें, आणि तें देणारा मनुष्य धंदेवाईक शास्त्रज्ञ नव्हता. लोदी गांवाजवळ १७७३ सालीं जन्मलेला आगोस्तिनो बासी हा कायद्याचा पदवीधर. पण दृष्टि अधू झाल्यामुळें नोकरी सोडून तो शेतीकडे वळला. त्या काळीं लोंबार्दी प्रांतांतील रेशमाच्या किड्यांवर एक रोग पडत असे. मेलेले किडे ताठर होऊन चुन्यासारखे पांढरे दिसत, म्हणून लोक त्या रोगास ‘काल्चिनो’ म्हणत. हवा बिघडली, पाला वाईट होता, किड्यांच्या अंगांत आम्ल वाढलें, अशीं नाना कारणें सांगितलीं जात. १८०७ च्या सुमारास बासीनें हा शोध हातीं घेतला आणि प्रथम त्यानेंही हीच वाट धरली. निरोगी किड्यांना नाना प्रकारें त्रास देऊन त्यानें रोग उत्पन्न करून पाहिला. किडे मेले, परंतु त्यांच्यावर तो पांढरा थर कांहीं आला नाहीं. अनेक वर्षें अशीं अपयशांत गेलीं.

शेवटीं त्यानें त्या पांढऱ्या भुकटीचा कण सुईच्या टोंकावर घेऊन निरोगी किड्याच्या अंगांत टोंचला. किडा त्याच रोगानें मेला आणि त्याच्यावर तीच भुकटी आली. तिनें दुसरा किडा मेला, दुसऱ्यापासून तिसरा. भुकटी म्हणजे जिवंत बुरशीचे बीजकण होत, आणि मरण हें बुरशीचें कारण नसून बुरशीच मरणाचें कारण आहे, हें आतां उघड झालें. १८३४ मध्यें पाव्हिया विद्यापीठांतील प्राध्यापकांपुढें त्यानें आपले प्रयोग करून दाखविले आणि १८३५ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चरनें रेशमाच्या किड्यांच्या रोगांस हात घातला तो यानंतर तीस वर्षांनीं. माणसांचे कांहीं सांसर्गिक रोगही अशाच सूक्ष्म जीवांपासून होत असावेत, असें बासीनें स्पष्ट लिहिलें. त्याच्या शोधानें प्रेरित होऊन योहान शोनलाइन यानें १८३९ मध्यें डोक्यावरील खवड्यांच्या एका रोगांत बुरशी दाखवून दिली. बासीच्या नांवावरून ओळखली जाणारी ‘बव्हेरिया बॅसियाना’ ही बुरशी आज किडींचा नाश करण्यासाठीं महाराष्ट्रांतील शेतकरीही पिकांवर फवारतात.

रेशमाच्या किड्यांचें मरण पैशाचें होतें, म्हणून त्याची चौकशी झाली. कोळ्याच्या मरणानें कोणाचें नुकसान होणार? त्यामुळें त्याची पाळी उशिरा आली. १८८५ सालीं मोंमोरांसी येथील औषधविक्रेता एमिल बूदिये यानें कोळ्यांवरील बुरशीच्या एका वंशास ‘टोरूबिएला’ असें नांव दिलें. गांधीलमाशीच्या पोटांत झाड पाहणारा तो भाविक धर्मोपदेशक अशा रीतीनें कोळ्यांच्या मारेकऱ्याच्या नांवांत अजरामर झाला. १८९४ मध्यें इटालियन शास्त्रज्ञ काव्हारा यानें ‘गिबेलुला’ हा वंश स्थापिला. त्यांतील बुरशा कोळ्यांवरच जगतात. सिंहलद्वीपांत पेरादेनिया येथें सरकारी बुरशीतज्ज्ञ असलेल्या टॉम पेच यानें पुढें त्यांचा बारकाईनें अभ्यास केला.

या बुरशीची रीत धीमी पण अचूक असते. बीजकण कोळ्याच्या कातडीस चिकटतो, तिला भेदून आंत शिरतो आणि शरीरांतील द्रवांत वाढूं लागतो. कोळी मेला म्हणजे बुरशी त्याचें शरीर आंतून व्यापून टाकते. तें वाळतें, परंतु मोडत नाहीं. मग तंतु बाहेर येतात आणि त्यांवरून नवे बीजकण उडून जातात.

२०२१ सालीं उत्तर आयर्लंडमध्यें कॅसल एस्पी येथें बी. बी. सी. चें चित्रीकरण चालूं असतां, दारूगोळ्याच्या एका जुन्या कोठाराच्या छतावर असा एक कोळी दिसला. त्यावरील बुरशी नवी ठरली आणि २०२५ मध्यें डेव्हिड अॅटनबरो यांच्या सन्मानार्थ तिला ‘गिबेलुला अॅटनबरोई’ हें नांव मिळालें. पुढें आयर्लंडमधील गुहांतही ती सांपडली. हे कोळी एरवीं दबा धरून किंवा जाळ्यांत बसणारे; पण बुरशी लागलेले कोळी छतावर वा भिंतीवर, उघड्या जागीं मेलेले आढळले. मरण्यापूर्वीं बुरशीच त्यांना आपली जागा सोडावयास लावते, असें शास्त्रज्ञांचें मत आहे; कारण उघड्यावरून बीजकण वाऱ्यावर सहज पसरतात.

बासीच्या पूर्वीं प्रश्न होता तो मरणाचा. आतां तो मरणापूर्वींच्या शेवटल्या पावलांचा झाला आहे. छताकडे चालत जाणारे पाय कोळ्याचे असतात. चालविणारा मात्र निराळाच असतो. समोर दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकीं आधींची कोणती आणि मागाहूनची कोणती, हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. तें कळण्यासाठीं लोदीच्या त्या अधू दृष्टीच्या माणसाची सुई आणि त्याची चिकाटीच लागते.