साठ मिनिटांचा किनारा

बोइंग ७०७ या विमानाचं धड १४८ इंच रुंद होतं, म्हणजे पावणेचार मीटर. तीन खुर्च्या इकडे, तीन तिकडे आणि मधून एक वाट. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचं असंच एक विमान न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं. वाटेत न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला ते इंधनासाठी उतरलं होतं. त्याच्या बावीस दिवस आधी ब्रिटिशांनी आपल्या 'कॉमेट ४' विमानाने लंडन–न्यूयॉर्क जेटसेवा सुरू करून बाजी मारली होती, पण धंदा मारला तो ७०७ ने. आज युरोप-अमेरिकेच्या फेऱ्यांवर एकच वाट असलेली विमानं दिसू लागली, की अनेकांना हे काहीतरी नवं आणि थोडं कंजूषपणाचं वाटतं. कंजूषपणाबद्दल वाद घालता येईल. नवं मात्र ते नाही. जेटयुगात अटलांटिक पहिल्यांदा ओलांडला तो अरुंद विमानांनीच.

त्या १४८ इंचांमागे स्पर्धा होती. बोइंगचा मूळ नमुना १३२ इंचांचा होता. मग लष्करी इंधनवाहू विमानासाठी रुंदी १४४ झाली. तेवढ्यात डग्लस कंपनीचं डीसी-८ थोडं अधिक रुंद असणार, हे बाहेर आलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅन ॲमने डीसी-८ ची पंचवीस आणि ७०७ ची वीस विमानं मागवली, तेव्हा बोइंगला घाम फुटला आणि धड डग्लसपेक्षा इंचभर जास्त रुंद करण्यात आलं. पुढे ७२७ आणि ७३७ विमानांच्या प्रवासी कक्षासाठी बोइंगने तीच रुंदी घेतली. आज उडणाऱ्या ७३७ मॅक्सच्या धडाचं मापही १४८ इंचच आहे. सत्तर वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी ठरलेली ही रुंदी अजून आपल्या कोपरांना जाणवते.

आपल्याकडेही हीच कथा आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये ७०७ घेतलं आणि जेट वापरणारी ती आशियातली पहिली कंपनी ठरली. त्याच वर्षी १४ मे रोजी तिची न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. साठच्या दशकात मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या पिढीतल्या अनेकांनी अटलांटिक पाहिला तो ७०७ च्या खिडकीतून. २४ जानेवारी १९६६ रोजी होमी भाभांना घेऊन माँ ब्लाँवर कोसळलेलं 'कांचनगंगा' हेही ७०७ च होतं.

त्या विमानांना तेव्हा कोणी अरुंद म्हणत नव्हतं. जानेवारी १९७० मध्ये पॅन ॲमने न्यूयॉर्क–लंडन मार्गावर ७४७ आणलं. दोन वाटा, प्रत्येक रांगेत नऊ-दहा माणसं, वर जिना. त्यानंतर जुनी विमानं अरुंद ठरली. १९७१ मध्ये एअर इंडियाकडेही ७४७ आलं. चार तहानलेली इंजिनं आणि दीडशे प्रवासी हा ७०७ चा हिशेब १९७३ च्या तेलसंकटानंतर कंपन्यांना परवडेना.

इथे एक शंका रास्त आहे. चार इंजिनांचं अरुंद विमान महाग पडत होतं, तर दोन इंजिनांचं का नाही पाठवलं? त्याचं उत्तर जेटच्या आधीच्या काळात आहे.

अटलांटिक न थांबता ओलांडणारं पहिलं विमान दोनच इंजिनांचं होतं. जून १९१९ मध्ये ॲल्कॉक आणि ब्राउन 'व्हिकर्स व्हिमी'मधून न्यूफाउंडलंडहून निघाले आणि आयर्लंडमधल्या क्लिफ्डनजवळच्या दलदलीत नाक खुपसून उतरले. पण त्यांनी जीव पणाला लावला होता तो स्वतःचा. तिकीट काढलेल्या माणसांचा हिशेब निराळा असतो. १९५३ मध्ये अमेरिकी नियामकांनी तो मांडला : चारपेक्षा कमी इंजिनांच्या प्रवासी विमानाने, एक इंजिन बंद पडलं असता साठ मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून लांब जायचं नाही. पिस्टन इंजिनांच्या काळात हा नियम शहाणपणाचाच होता. 'स्ट्रॅटोक्रूझर' या विमानाच्या एकेका इंजिनात अठ्ठावीस सिलिंडर होते. त्यातलं काय कधी बिघडेल याचा नेम नसे.

ती इंजिनं काय करू शकत, याचा दाखला १६ ऑक्टोबर १९५६ चा आहे. पॅन ॲमचं स्ट्रॅटोक्रूझर रात्री होनोलुलुहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. अर्धी वाट सरल्यावर एका इंजिनाचा पंखा बेफाम फिरू लागला आणि काही केल्या आवरेना. मग दुसऱ्या बाजूच्या एका इंजिनानेही मान टाकली. उरलेल्या दोन इंजिनांवर, फिरत्या पंख्याचा अडसर घेऊन, ना पुढे जाता येत होतं ना मागे. त्या काळी महासागरात ठरावीक ठिकाणी तटरक्षक दलाची जहाजं हवामानाच्या नोंदीसाठी आणि अशा प्रसंगासाठी उभी असत. तिथे 'पाँचारट्रेन' नावाचं जहाज होतं. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी इंधन जाळत, जहाजाभोवती घिरट्या घालत पहाटेपर्यंत वाट पाहिली. पाण्यावर आदळताना शेपूट तुटेल हा अंदाज असल्याने मागचे प्रवासी पुढे बसवले आणि उजाडल्यावर विमान समुद्रावर उतरवलं. शेपूट तुटलंच. आतली एकतीसच्या एकतीस माणसं वाचली. विमानाला इंजिनं चार होती, हे लक्षात घ्या.

नियामक तरी इंजिनांची संख्याच मोजत राहिले. कारखाने त्यामागे गेले. ७२७ ला तीन इंजिनं का, याचं उत्तर तीन गिऱ्हाइकांच्या भांडणात आहे. अमेरिकन एअरलाइन्सला दोन हवी होती. युनायटेडला डेन्व्हरच्या उंचीसाठी चार हवी होती. ईस्टर्नला कॅरिबियन समुद्रावरून जायचं होतं आणि दोन इंजिनांना साठ मिनिटांचं दावं होतं. तडजोड तीनवर झाली. पुढे १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या विमानांना या नियमातून सूट मिळाली.

तीन म्हणजे सुरक्षित, हा समजही एका सकाळी फुटला, आणि तोही ईस्टर्नच्याच विमानात. ५ मे १९८३ रोजी मायामीहून बहामातल्या नासाउला निघालेल्या ट्रायस्टार विमानात १७२ माणसं होती. आधी एका इंजिनाचं तेल गेलं. वैमानिक मायामीकडे वळले, तोच उरलेली दोन्ही बंद पडली. समुद्र जवळ येत असताना पहिलं इंजिन कसंबसं पुन्हा पेटलं आणि विमान परतलं. चौकशीत जे निघालं ते यंत्राचं पाप नव्हतं. रात्रपाळीत तिन्ही इंजिनांच्या तेलवाटेतले तपासणीचे चुंबकी तुकडे बदलले होते आणि तिन्ही ठिकाणी रबरी कडी बसवायची राहिली होती. एकच चूक तीनदा झाली, तर तिसऱ्या इंजिनाचा उपयोग काय?

माझ्या मते अरुंद विमानाची समुद्रवाट खऱ्या अर्थाने उघडली ती या विचाराने. इंजिनं किती, यापेक्षा एक इंजिन किती तासांत एकदा बंद पडतं आणि दोन्ही एकाच कारणाने बंद पडण्याची शक्यता कशी मोडायची, हे प्रश्न महत्त्वाचे ठरले. जेट इंजिनांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत दिलं होतं, तरी विरोध होता. अमेरिकी हवाई नियामक संस्थेचे प्रमुख लिन हेल्म्स यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगच्या माणसांना, आपण असेपर्यंत दोन इंजिनांचं विमान महासागरावर जाणार नाही, असं भलत्याच कडक शब्दांत सुनावल्याचं सांगतात. काही वर्षांतच ते विमान गेलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीचं ७६७ बॉस्टनहून पॅरिसला गेलं आणि त्याच वर्षी साठ मिनिटांची मर्यादा १२० वर नेणारे नियम आले. १९८८ मध्ये ती १८० झाली. नियमांचं संक्षिप्त नाव इटॉप्स. वैमानिकांनी त्याची फोड अशी केली : इंजिनं फिरतील, नाहीतर प्रवासी पोहतील.

या मिनिटांची किंमत मोजावी लागते. १२० मिनिटांसाठी इंजिनं हवेत बंद पडण्याचं प्रमाण हजार तासांमागे ०.०५ च्या आत लागतं, १८० साठी ०.०२ च्या आत. म्हणजे पन्नास हजार इंजिन-तासांत एकदा. शक्यतो एकाच मेकॅनिकने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. हा धडा त्या ट्रायस्टारचा. सामानकक्षातली आग दाबणारा वायू सर्वांत लांबच्या वळणाला पुरून वर पंधरा मिनिटं उरला पाहिजे. शेपटीतलं छोटं इंजिन तासन्‌तास गारठल्यावरही चालू झालं पाहिजे. आणि इंधनाचा हिशेब सर्वांत वाईट जागा धरून होतो : जिथून पुढचा आणि मागचा विमानतळ सारख्याच वेळेच्या अंतरावर आहे, नेमक्या तिथे हवेचा दाब गेला आणि दहा हजार फुटांवर उतरून दाट हवेत इंधन पीत जावं लागलं, तरी पोहोचता आलं पाहिजे.

आता खरी परीक्षा हवाईची. अटलांटिकवर आइसलँड आहे, ग्रीनलँड आहे, अझोर्स आहेत. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यामध्ये जवळजवळ ३,९०० किलोमीटर नुसतं पाणी. ऑग यांचं विमान बुडालं तोच हा पट्टा. मध्यावर एक इंजिन गेलं, तर कुठल्याही बाजूला तीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे १८० मिनिटांची परवानगी जवळजवळ पुरी वापरावी लागते. १४ फेब्रुवारी २००० रोजी अलोहा एअरलाइन्सने होनोलुलु–ओकलंड मार्गावर ७३७-७०० सुरू केलं. हीच ती कंपनी, जिच्या जुन्या ७३७ चं छप्पर १९८८ मध्ये हवेत उडालं होतं. २००८ मध्ये तिची प्रवासी सेवा बंद पडली, पण वाट रुळली. साउथवेस्ट कंपनी मार्च २०१९ मध्ये त्याच मार्गावर आली.

कागद किती महत्त्वाचा, हे २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दाखवून दिलं. तिच्याकडे ए३२१ चे दोन प्रकार होते, एक हवाईसाठी सज्ज केलेला आणि एक नाही. ऑगस्ट अखेरीस लॉस एंजेलिसहून होनोलुलुला चुकून दुसरा गेला. प्रवाशांना काही कळलं नाही, विमान नीट उतरलं. कंपनीला मात्र आपली व्यवस्था तपासावी लागली.

अटलांटिकवर अरुंद विमानाचं पुनरागमन केलं बोइंग ७५७ ने. बनवलं होतं ते लहान-मध्यम पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी, पण ताकद भरपूर होती. काँटिनेंटल कंपनीने नेवार्कहून ब्रिस्टॉल, बेलफास्टसारखी शहरं त्याने जोडली. तिथे अडीचशे खुर्च्या रोज भरल्या नसत्या, पावणेदोनशे भरत. हिवाळ्यात पश्चिमेकडे येताना समोरचा वारा वाढला, की यातली काही विमानं गँडर किंवा गूस बेला इंधनासाठी उतरत. १९५८ ची आठवण होईल असंच. २००४ मध्ये १,०५० विमानं बांधून बोइंगने ७५७ बंद केलं. पुढे कंपनीला याचा पश्चात्ताप झाला असावा, असं मला वाटतं.

मधला एक प्रयोग शाही होता. २००९ पासून ब्रिटिश एअरवेज लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला ए३१८ पाठवत असे. खुर्च्या फक्त बत्तीस, सगळ्या बिझनेसच्या. उड्डाणाला क्रमांक कॉन्कॉर्डचा दिला होता. तिथली धावपट्टी आखूड, त्यामुळे पुरेसं इंधन भरून उडता येत नसे. जाताना आयर्लंडमध्ये शॅननला थांबावं लागे, आणि तेवढ्यात अमेरिकेची पासपोर्ट तपासणीही उरकून घेत. कोविडच्या वर्षी ही सेवा संपली. नॉर्वेजियन कंपनीने दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला. २०१७ मध्ये ७३७ मॅक्स घेऊन स्वस्त तिकिटांत एडिनबरा आणि आयर्लंडहून अमेरिकेच्या छोट्या विमानतळांवर ती जाऊ लागली. मार्च २०१९ मध्ये मॅक्स जमिनीवर बसवली गेली आणि ते गणितही कोसळलं.

७५७ ची रिकामी जागा एअरबसने भरली. ए३२१ एलआर हे ७,४०० किलोमीटर जाणारं विमान २०१८ च्या अखेरीस सेवेत आलं. जेटब्लूने त्यानेच ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क–लंडन सुरू केलं. मग एक्सएलआर : १०१ टन वजन, ८,७०० किलोमीटरचा पल्ला आणि चाकांच्या कप्प्यामागे धडाच्याच आकाराची १२,९०० लिटरची कायमची टाकी. धड जमिनीला घासलं तर ही टाकी पेटेल काय, असा प्रश्न खुद्द बोइंगने युरोपच्या नियामकांकडे लावून धरला. प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न असला तरी तो खोटा नव्हता. टाकीभोवतीची बांधणी भक्कम करावी लागली आणि जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आयबेरियाचं १८२ खुर्च्यांचं एक्सएलआर माद्रिदहून बॉस्टनला गेलं. त्याचं धड १९५८ च्या ७०७ पेक्षा जेमतेम वीतभर रुंद आहे.

मुंबईकरांना हे फार दूरचं नाही. इंडिगोने ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई–नैरोबी आणि मुंबई–जकार्ता या फेऱ्या अरुंद विमानांनीच सुरू केल्या, आणि एक्सएलआरची मागणी तिने २०१९ मध्येच नोंदवली होती. तेव्हा यापुढे लांबचं तिकीट काढताना दरासोबत विमानाचा प्रकारही वाचा. ए३२१ किंवा ७३७ दिसलं, तर इंजिनं दोनच आहेत म्हणून बिचकू नका, तो प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. पण वाट एकच आहे, जेवणाची गाडी मधे आली की स्वच्छतागृहाचा रस्ता बंद होतो आणि प्रवास सात-आठ तासांचा आहे. वाटेलगतची खुर्ची आधीच राखून ठेवा.