इंची पाने आणि फियाटचे बोल्ट

परवा आईचा फोन आला, "आजोबांची हत्यारांची पेटी भंगारात देऊ का?" मी जवळजवळ ओरडलोच. त्या पेटीशी माझा जुना हिशेब आहे.

मे 1996. आमची फियाट (कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी) कोकणातल्या घरी दोन पावसाळे उभी होती. मागचा व्हील सिलिंडर गळत होता. बाबा परगावी. मी एकवीस वर्षांचा, म्हणजे मला सगळंच येत होतं! सिलिंडरचे बोल्ट गंजून जाम झालेले. आजोबांचा पाना जरा सैल बसत होता, तरी दांड्याला पाइप घालून जोर लावला. पाना सटकला, बोल्टचे कोपरे गोल झाले, बोटं सोलली ती वेगळीच.

कारण खूप नंतर कळलं. आजोबांचे पाने व्हिटवर्थच्या मापाचे, आणि फियाट पडली इटालियन, म्हणजे मिलिमीटरवाली.

हे जोसेफ व्हिटवर्थ प्रकरण भारी आहे. त्याच्या आधी इंग्लंडात ज्याच्या त्याच्या कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल तर शपथ. त्याने ठिकठिकाणचे स्क्रू जमवले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये आट्याचा कोन 55 अंश असावा असं सुचवलं. पुढे 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंशांचा आटा मांडला. मेट्रिक आटाही 60 चाच. इंग्रजी यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे पाने आपल्याकडे आले आणि आमच्या पेटीत मुक्कामाला राहिले.

असो. संध्याकाळी मिस्त्री आले. बोल्ट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. गॅसने तापवू या का, असं मी विचारल्यावर त्यांनी नुसतं शेजारच्या ब्रेकच्या रबरी नळीकडे बोट दाखवलं. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, घासलेटात थोडं ऑइल मिसळून आट्यांच्या तोंडाशी थेंब-थेंब सोडलं (ब्रेक शूवर एक थेंबही जाऊ न देता), हातोडीने हलकेच ठोकलं आणि घरी गेले. लोखंडापेक्षा त्याचा गंज दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आवळले जातात. ठोक्यांनी तो गंज तडकतो आणि तेल आत झिरपतं.

सकाळी त्यांनी जरा लहान सॉकेट डोक्यावर ठोकून बसवला. आधी किंचित आवळलं, मग सोडवलं. कट्ट! एक निघाला. दुसरा तुटलाच. सिलिंडर आणि बोल्ट दोन्ही नवे घातले.

आता माझ्याकडे डब्ल्यूडी-40 चा डबा असतो. 1953 मध्ये सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तो फॉर्म्युला जमला, म्हणे चाळिसाव्या प्रयत्नात. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून केलेली चीज. आपण ती चढलेला गंज सोडवायला वापरतो.

बाबा, त्याच आठवड्यात तुम्ही आजीला घेऊन घाट चढून कोल्हापूरला गेलात. ब्रेक मीच दुरुस्त केला असं तुम्हाला सांगितलं होतं. तो मिस्त्रींनी केला होता.