भंडाऱ्याचे पितळकाम आणि बंबातील पाण्याचा दाब

वैनगंगेच्या काठचे भंडारा हे गाव पितळी भांड्यांसाठी दीर्घकाळ ओळखले जात असून, 1908 साली प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्येही येथील पितळकामाची नोंद आहे. पत्रा ठोकून आकारास आणणे आणि सांध्यांना डाख देणे, म्हणजे कमी उष्णतेला वितळणारा धातू ओतून ते जोडणे, हे या कारागिरीचे दोन आधार होत. पाणी तापविण्याच्या बंबासाठी भंडाऱ्याचा लौकिक पुण्याच्या तांबट आळीइतका नसला, तरी बंब याच विद्येतून घडतो.

बंब म्हणजे तांब्याचा वा पितळेचा उभा नळकांड्यासारखा देह. त्याच्या मधोमध जाळाची नळी, खाली जाळी व राख पडण्याची जागा आणि नळीभोवती पाणी. काही बंबांत वरून ओतलेले गार पाणी एका नळीने थेट तळाशी जाते आणि हलके झालेले गरम पाणी वरच्या तोटीकडे ढकलले जाते. म्हणून पातळी तोटीखाली उतरली, की आत पाणी उकळत असले तरी बाहेर थेंबही येत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे बादलीभर पाणी ओतणे. पातळी आणखी खाली गेल्यास जाळाची नळी कोरडी पडते, डाख सुटतो आणि बंब गळू लागतो. त्यामुळे बंब पेटविण्याआधी पाणी पाहणे भाग असे, मग जळण सरपण असो वा धानाच्या बांध्यांवर लावलेल्या तुरीच्या तुऱ्हाट्या.

युरोपातील घरे उबदार ठेवणाऱ्या बंद बॉयलरची गोष्ट निराळी आहे. तेथे तेच पाणी नळ्यांतून फिरत राहते आणि गार असताना त्याचा दाब साधारण 1 ते 1.5 बार राखावा लागतो (1 बार म्हणजे सुमारे 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार). दाब उतरल्यास भरणीची झडप उघडून नळाचे पाणी आत घेतात, काटा योग्य जागी आला की ती बंद करतात, आणि दाब वारंवार उतरत असल्यास गळती शोधतात. बंबाला असा काटा लागत नाही, कारण तो हवेला खुला असतो. याच कारणाने भारतातील 1923 च्या बॉयलर कायद्याच्या कक्षेत तो कधी आला नाही. तो कायदा दाबाखाली वाफ निर्माण करणाऱ्या बंद पात्रांसाठी, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांतील बॉयलरसारख्या यंत्रांसाठी होता.

स्टेनलेस स्टील व विजेचे गिझर आल्यावर बंब मागे पडला, हे सर्वश्रुत आहे. मात्र छतावरच्या टाकीला जोडलेल्या गिझरलाही दाब उंचीमुळेच मिळतो: टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा 3 मीटर वर असली, तर तो 0.3 बारच्या आसपास भरतो आणि तो वाढवायचा झाल्यास टाकी उंचावावी लागते अथवा पंप बसवावा लागतो.