वाद्यवृंद संचालनाचे शिक्षण

वाद्यवृंद संचालनाचे शिक्षण ही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या उच्च अभ्यासातील एक शाखा आहे. स्वरलेखनाचे वाचन, हस्तसंकेत, तालमीचे तंत्र आणि निरनिराळ्या कालखंडांतील संगीतशैलींचा अभ्यास हे तिचे मुख्य विषय होत. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमासाठी रुळला आहे. येथे मात्र सिंफनी वाजवणारा मोठा वाद्यवृंद अभिप्रेत आहे.

स्वरूप

संचालकासमोरील स्कोअरमध्ये सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. सामान्यतः वर लाकडी सुषिर वाद्ये, मग पितळी व आघात वाद्ये आणि तळाशी तंतुवाद्ये असा क्रम असतो. काही वाद्यांचा लिखित स्वर आणि प्रत्यक्ष ध्वनी वेगळा असतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवादक ‘सी’ हा स्वर वाचतो तेव्हा ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. या सर्व ओळी मनात एकाच वेळी ऐकू येणे ही विद्यार्थ्याची पहिली कसोटी असते, आणि त्यासाठी पियानोवर स्कोअर वाजवण्याचा सराव करून घेतला जातो.

हाताच्या हालचाली त्या मानाने लवकर शिकता येतात. प्रत्यक्ष ठोक्यापूर्वीच्या पूर्वसंकेतातूनच वादकांना लय, जोर आणि श्वास कळतो. खरी अडचण वेगळीच आहे. व्हायोलिनवादक घरी रियाज करू शकतो. संचालकाचे वाद्य म्हणजे माणसांचा समूह, आणि तो विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

शैलीचा अभ्यास

स्वरलेखन सर्व काही सांगत नाही. मेल्त्सेल यांनी मेट्रोनोमचे पेटंट १८१५ मध्ये घेतले. १७९१ मध्ये निधन पावलेल्या मोझार्टच्या स्कोअरवर लयीसाठी ‘अलेग्रो’सारखे शब्दच आढळतात. अशा वेळी नृत्यप्रकार, तत्कालीन वाद्ये, स्वरालंकारांचे संकेत आणि रचनेची बांधणी पाहून लय ठरवावी लागते. व्हिएन्नात १९५३ मध्ये ‘कॉन्चेंतुस म्यूझिकुस’ हा जुन्या वाद्यांचा समूह स्थापन करणारे निकोलाउस हार्नोनकोर्ट यांच्यासारख्या कलावंतांनंतर हा विषय अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आला. ख्याल गायकीत घराण्याची शैली गुरुमुखातून येते. येथे ती बरीचशी कागदावरून शोधावी लागते, हा फरक भारतीय विद्यार्थ्याला विशेष जाणवतो.

झुबिन मेहता यांचे शिक्षण

या शिक्षणाचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण झुबिन मेहता यांचे आहे. २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मलेल्या झुबिन यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक होते. त्यामुळे तालमी त्यांच्या कानांवर घरीच पडत. पुण्यातील इटालियन संगीतशिक्षक ओडोने साविनी यांच्याकडे त्यांनी संगीतशास्त्राचे धडे घेतले. वैद्यकीय शिक्षणाची तयारी सोडून ते १९५४ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, व्हिएन्ना येथील संगीत अकादमीत दाखल झाले.

तेथे त्यांना हान्स श्वारोव्स्की (१८९९–१९७५) हे गुरू लाभले. शोनबर्ग व वेबर्न यांचे शिष्य असलेले श्वारोव्स्की हावभाव मोजके ठेवण्यावर आणि रचनेच्या काटेकोर विश्लेषणावर भर देत; रचनेत मनमानी करणे त्यांना मान्य नव्हते. मेहता डबल बासही शिकले, म्हणजे वाद्यवृंद त्यांनी आतूनही अनुभवला. थोर संचालकांच्या तालमी पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउदिओ आबादो एका गायनवृंदात सामील झाले. ही युक्ती कोणत्याही वर्गाइतकीच फलदायी ठरली असावी. हंगेरीतील १९५६च्या उठावानंतर निर्वासितांच्या छावणीत वाजवण्यासाठी मेहतांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा केला. १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील आंतरराष्ट्रीय संचालन स्पर्धेत त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे ते लॉस एंजेलिस (१९६२–७८) व न्यूयॉर्क (१९७८–९१) फिलहार्मॉनिकचे संगीत दिग्दर्शक होते.

पुणे व महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यात पियानो, व्हायोलिन, गिटार आणि संगीतशास्त्र यांचे शिक्षण मिळते, व विद्यार्थी लंडनच्या परीक्षा मंडळांच्या श्रेणी परीक्षांना बसतात. मात्र संचालनाच्या उच्च अभ्यासासाठी परदेशी जाण्याचाच प्रघात आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रात (एनसीपीए) २००६ मध्ये स्थापन झालेला ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा पुण्याला सर्वांत जवळचा व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद असून, त्याच्या मैफली पाश्चात्त्य संगीताच्या विद्यार्थ्यांना स्कोअर हाती घेऊन ऐकता येण्याजोग्या अंतरावर आहेत.