संगीत नाटकाचे 'पुनरुज्जीवन' : समीक्षक, रसिक आणि झाडीपट्टीतील प्रेक्षक

मराठी संगीत नाटकाविषयी लिहिताना 'पुनरुज्जीवन' हा शब्द इतक्या सहजपणे वापरण्यात येतो की, त्याने काय गृहीत धरले आहे हे तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. जे मृत अथवा मृतप्राय झाले त्यासच पुन्हा जिवंत करावयाचे असते. म्हणजे हा शब्द उच्चारणारा मनुष्य, संगीत नाटक एकदा संपले होते, असा निकाल अगोदरच देऊन मोकळा झालेला असतो. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीपुरता हा निकाल बराचसा खरा आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात व त्याच्या भोवतालच्या साकोली, वडसा, ब्रह्मपुरी या मुलखात तो जसाच्या तसा लागू करावयाचा म्हटल्यास अडचण उत्पन्न होते. जुने संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आले असता समीक्षकांनी व रसिकांनी त्याचे स्वागत कसे केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याचे लक्ष उभयतांच्या निर्णयापेक्षा त्यांच्या शब्दांकडे अधिक गेले, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

पूर्वपीठिका सर्वांस ठाऊक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली व 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, आणि १९३१-३२ च्या सुमारास बोलपट आल्यावर वीस वर्षांत उभारलेले हे वैभव पाहता पाहता ओसरले. 'पुनरुज्जीवना'च्या सर्व गोष्टी यानंतरच्या आहेत, असे सामान्यतः मानले जाते.

तथापि, जुने नाटक नव्या उत्साहाने पुन्हा पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग या ओहोटीच्या आधीचा आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडलेले बालगंधर्व भामिनीच्या, तर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत उभे राहिले. नाटक अवघे दहा वर्षांचे होते, आणि त्यात काय घडते हे प्रेक्षागृहातील बहुतेकांस तोंडपाठ असले पाहिजे. तरीही त्या काळच्या मानाने प्रचंड दर देऊन लोक आले. ते नाटक पाहावयास आले नव्हते. दोन कंठ एकाच रात्री, एकाच रंगमंचावर ऐकावयास ते आले होते. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. त्यामुळे त्या रात्रीच्या आठवणीस जे तेज प्राप्त झाले ते पुढील शंभर वर्षांत कोणत्याही समीक्षेस झाकता आलेले नाही.

या प्रसंगात पुढील सर्व वादांचे बीज आहे. समीक्षकाच्या दृष्टीने नाटक म्हणजे संहिता. कथानक, स्वभावचित्रण, संवाद यांचा तो एक बंध असून पदांनी त्या बंधास साहाय्य करावे, त्यात खंड पाडू नये, अशी त्याची अपेक्षा असते. रसिकाच्या दृष्टीने नाटक म्हणजे अमुक नटाने अमुक रात्री म्हटलेली पदे. दोघेही 'मानापमान' हेच नाव घेतात, परंतु त्या नावाचा वाच्यार्थ दोघांच्या मनात एक नसतो. ज्या शब्दाच्या अर्थाविषयीच एकमत नाही, त्यावरील वाद मिटत नाही, यात नवल कसले?

'वन्समोअर' हा शब्द येथे लक्षणीय आहे. तो परभाषेतून आला तेव्हा प्रेक्षकांचा उद्गार होता. मराठीत स्थिरावताना तो नाम झाला आणि त्याने मराठी क्रियापदे जोडून घेतली. प्रेक्षक वन्समोअर 'देतात', पदाला वन्समोअर 'मिळतो', आणि नट वन्समोअर 'घेतो'. यांपैकी तिसरा प्रयोग मोठा बोलका आहे. घेणारा तो कर्ता. नट पदाची पुनरुक्ती करतो ती प्रेक्षकांच्या आग्रहास बळी पडून नव्हे, तर आपला हक्क म्हणून, हे त्या क्रियापदाने कबूल केलेले आहे. समीक्षकांनी कित्येक वर्षे या प्रथेवर टीका केली. प्रयोग पहाटेपर्यंत लांबतो, रसभंग होतो, मरणासन्न पात्र पुन्हा उठून गाते, हे त्यांचे आक्षेप प्रामाणिक होते व पुष्कळ अंशी न्याय्यही होते. पण ते 'नाटकाचा' रसभंग होतो असे म्हणत होते, आणि ज्याचा रस भंगला असे त्यांना वाटे तो प्रेक्षक तर टाळ्या वाजवीत होता.

तसाच दुसरा एक शब्दप्रयोग पाहावा. जुन्या नाट्यपरंपरेत नट पद 'गात' नाही. तो पद 'म्हणतो'. आरती म्हणणे, अभंग म्हणणे, ओवी म्हणणे या मालिकेत हे पद म्हणणे बसते. बोलणे व गाणे यांच्या सीमेवर हे क्रियापद उभे आहे, आणि किर्लोस्करी पदांचे स्वरूपही तसेच होते: संवाद पुढे नेणारे, आटोपशीर, शब्दप्रधान. 'मानापमाना'च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी ढंगाच्या चाली दिल्या, 'स्वयंवरा'स १९१६ साली भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन लाभले, आणि पद हळूहळू म्हणण्याकडून गाण्याकडे सरकले. लोकांच्या तोंडी क्रियापद मात्र जुनेच राहिले. भाषेत असे वारंवार घडते: वस्तू बदलून जाते, नाव मागे राहते आणि पुढील पिढीस त्या नावावरून वस्तूचे मूळ रूप शोधता येते.

साठीच्या दशकात संगीत नाटकाने पुन्हा उभारी घेतली. विद्याधर गोखले यांची 'पंडितराज जगन्नाथ' व 'सुवर्णतुला' ही नाटके १९६० साली, तर 'मंदारमाला' १९६३ साली आली. कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ने १९६४ साली जितेंद्र अभिषेकी हे नाव घरोघरी पोचविले. या सर्वांस त्या वेळी 'पुनरुज्जीवन' म्हटले गेले, वास्तविक ही नाटके नवी होती. पुनरुज्जीवन नाटकाचे नव्हते, प्रकाराचे होते.

या काळातील जे नाटक आमच्या विदर्भास विशेष जवळचे, ते 'कट्यार काळजात घुसली'. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, आणि त्यांचे आरंभीचे संगीतशिक्षणही नागपूरचे. बालगंधर्वांचे १५ जुलै १९६७ रोजी निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाट्यसंपदेने हे नाटक रंगभूमीवर आणले. नाटकाचा विषयच दोन गायकींचा संघर्ष असल्याने येथे पद कथानकाच्या आड येत नव्हते. पद हेच कथानक होते. एकच पद दोन घराण्यांच्या दोन निरनिराळ्या ढंगांत ऐकविण्याची अभिषेकींची योजना तर संगीत नाटकाविरुद्धच्या जुन्या आक्षेपास परस्पर उत्तर देऊन गेली. समीक्षक व रसिक यांची व्याख्या एकरूप व्हावी, असे हे दुर्मिळ उदाहरण होय.

२०१० साली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते व सदाशिवाची भूमिका महेश काळे यांनी केली. या प्रयोगास मिळालेल्या प्रतिसादात नव्या पिढीचा उत्साह मोठा होता. परंतु जुन्या रसिकांच्या मनात एक प्रश्न सदैव होता: हे आजोबांसारखे झाले काय? प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यात गायकावर दुहेरी अन्याय आहे. तसेच गायिल्यास ती नक्कल ठरते; वेगळे गायिल्यास परंपरा सोडल्याचा ठपका येतो. वसंतरावांनी स्वतः कोणाची नक्कल केली नाही, हेच तर त्यांचे वैशिष्ट्य होते. म्हणजे त्यांच्याशी निष्ठा राखावयाची तर त्यांच्यासारखे गाऊ नये, असा विरोधाभास निर्माण होतो, आणि तो सोडविण्याचे काम समीक्षकाने नव्हे, नातवानेच रोज रात्री रंगमंचावर करावयाचे होते.

शिवाय हे 'आजोबांसारखे' म्हणजे नेमके कशासारखे? १९६७-६८ चा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेले प्रेक्षक २०१० साली थोडेच उरले होते. उरलेल्यांच्या कानात होती ती ध्वनिमुद्रिका. बालगंधर्वांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत दीर्घकाळ रंगणारे त्यांचे पद तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावेल एवढे आखडून गायिले गेले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी तेच आखडलेले रूप 'मूळ चाल' म्हणून हृदयाशी धरले. समीक्षकाने छापील संहितेस मूळ मानले, रसिकाने तबकडीस. रंगमंचावर जे घडले होते ते दोघांच्याही हाती नव्हते.

२०१५ साली 'कट्यार'चा चित्रपट आला. त्यात अभिषेकींच्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी ठेवण्यात आली, आणि तुलना अपरिहार्य झाली. महेश काळे यांना पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते या नव्या गाण्यांपैकी एकासाठी. ज्यांनी नाटक कधीही पाहिले नव्हते अशा तरुणांस जुनी पदे या वाटेने प्रथम भेटली. त्यांच्यासाठी चित्रपटाची मुद्रणे हेच आता मूळ आहे. २०२५ साली 'मानापमान'ही याच मार्गाने पडद्यावर आले.

आता झाडीपट्टीकडे वळू. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील हा धानाचा व जंगलाचा प्रदेश. अर्जुनी मोरगाव तालुका, नवेगावच्या बांधासह, याच पट्टीत मोडतो, आणि नाटक कंपन्यांचे माहेरघर मानलेले वडसा हे अर्जुनीच्याच रेल्वेमार्गावर आहे. दिवाळीनंतर धान निघाले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. हा हंगाम होळीच्या सुमारास सरतो. दंडार व खडी गंमत या येथील जुन्या लोकप्रकारांच्या मुशीतून ही रंगभूमी निघाली. बोलपट आले, दूरदर्शन आले, तरी येथे नाटकाला पद असावे ही अपेक्षा गेली नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि पटाभोवती जमणाऱ्या नाटकाचा एक आधार काही वर्षे डळमळला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अंतरिम परवानगी दिल्यावर तो परत आला आणि २०२३ च्या निर्णयाने कायम झाला. त्याच वर्षी झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आणि शहरातील वृत्तपत्रांनी या रंगभूमीचा जणू नव्याने शोध लावला.

येथे वृत्तपत्री समीक्षा जवळजवळ नाही. पण निर्णय नाही असे मात्र नव्हे. एखाद्या कंपनीचे नाटक उतरले की नाही, हे पुढल्या हंगामात गावकरी वडशास जाऊन त्याच कंपनीचे नाटक ठरवितात की शेजारच्या कंपनीचे, यावरून समजते. आणि येथील माणूस नाटकाचे 'पुनरुज्जीवन' करीत नाही. तो नाटक 'बसवितो'. पहिल्यांदा बसविले तरी बसविणे, विसाव्यांदा तेच बसविले तरी बसविणे. 'पुनः' हा उपसर्ग लागण्यास मध्ये जो खंड पडावा लागतो, तो येथे पडलेलाच नाही.

भाषेच्या अंगाने यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. झाडीबोलीत ळ, ण, श, ष हे वर्ण नाहीत, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या दीर्घ परिश्रमांमुळे अभ्यासकांस परिचित झाले आहे. डोळा हा डोरा होतो, पाणी हे पानी होते. या नियमाने 'कट्यार'च्या शीर्षकातील काळीजदेखील कारीज व्हावयास हवे. परंतु रंगमंचावरील गंभीर पात्रे येथे पुष्कळदा प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्यास येते. पद म्हणताना तर नट ळ काळजीपूर्वक उच्चारतो आणि विंगेत आला की त्याचा र होतो. संस्कृतप्रचुर पदांनी ज्यांच्या बोलीत जे वर्ण नाहीत ते त्यांच्या जिभेवर आणून ठेविले, आणि हे शाळेने नव्हे, ऑर्गनच्या साथीवर घडले. शहरातील कान येथे उच्चारदोष मोजावयास बसला, तर त्याला दोष सापडतीलच. पण एका बोलीच्या माणसाने दुसऱ्या बोलीचा ध्वनी रात्रभर सांभाळणे किती कठीण असते, हे त्यास दिसणार नाही. उलट आपलीच बोली आपल्याच रंगमंचावर केवळ हसविण्यापुरती उरावी, ही या व्यवहाराची दुसरी बाजू असून ती हा लेखक निश्चिंत मनाने पाहू शकत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी मंडईच्या रात्री प्रस्तुत लेखकाशेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. तरुण नटाने जुने पद नव्या, चित्रपटी वळणाने म्हटले. मंडपातून शिट्या आल्या, बक्षिसाची नोट आली, ऑर्गनवाल्याने मान डोलाविली. म्हातारबा एवढेच म्हणाले, "चाल मोडली गा." पद संपले. वन्समोअरचा गलका उठला तेव्हा मागे वळून पाहिले, तर त्या गलक्यात त्यांचाही आवाज होता. चाल कोणाची मोडली, असे विचारले असता त्यांनी गंधर्वांचे किंवा वसंतरावांचे नाव घेतले नाही. आपल्याच गावातील, पूर्वी तीच भूमिका करणाऱ्या एका शेतकऱ्याचे नाव घेतले, आणि पुन्हा रंगमंचाकडे तोंड केले.