दोन गोळ्यांमधला फरक

रायफल नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाला कोल्हापूर आठवते. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत तिथली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळेही त्याच जिल्ह्यातला. या दोघांच्या क्रीडाप्रकारात वापरतात ते पॉइंट टू-टू काडतूस एकदा उडाले की संपले. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असल्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणून या दर्जाचे नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट शिकंज्यात घट्ट बसवलेल्या नळीतून उडवून पाहतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. हजार यार्डांवर नेम धरणारा माणूस निवडीवर थांबत नाही, तो काडतूसच स्वतः भरतो. पुढची प्रकरणे या भरण्याविषयी आहेत.

काम जुने आहे. १८७४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानात आयरिश आणि अमेरिकन चमूंचा सामना झाला. ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश रायफली तोंडाकडून भरायच्या, अमेरिकन मागून. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा निसटता विजय मिळवला. एका आयरिश नेमबाजाने अगदी मधोमध गोळी मारली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर! तोंडाकडून भरणाऱ्याला दर वेळी दारूचे माप घालावेच लागे. मागून भरायच्या रायफलीबरोबर तयार काडतूस आले आणि ते काम कारखान्याकडे गेले, तरी लांब पल्ल्याच्या मंडळींनी ते पुरते कधी सोडले नाही. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने या नेमबाजीसाठी नवे काडतूस काढले, त्यालाही क्रीडमूरचेच नाव दिले.

हा खटाटोप जास्त ताकदीसाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. हवी असते ती एका गोळीसारखी दुसरी गोळी. सुमारे अकरा ग्रॅमची पॉइंट थ्री-झीरो-एट गोळी सेकंदाला ७९० मीटर वेगाने निघाली, तर हजार यार्डांवर पोचेपर्यंत ती दहा मीटरांहून अधिक खाली येते. हे खाली येणे गणिताने आधीच कळते, त्यामुळे त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो पुढची गोळी सेकंदाला सहा मीटर सावकाश निघाली तर. मग ती आणखी पंधरा सेंटिमीटरांहून अधिक खाली लागते. हजार यार्डांच्या एफ-क्लास स्पर्धेतले दहा गुणांचे वर्तुळ पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे हात स्थिर आणि वारा पडलेला असूनही निम्म्याहून जास्त वर्तुळ पुंगळीतल्या फरकानेच खाल्ले. शंभर मीटरांवर हाच फरक डोळ्यांना दिसतही नाही.

फरक येतो कुठून? दारूचे वजन हे पहिले उत्तर. ते बरोबर आहे, पण अपुरे. पुंगळीची मान गोळीला किती घट्ट धरते हेही तितकेच बघावे लागते. पितळ दर वेळी फुगते, पुन्हा दाबून मापात आणले जाते आणि हळूहळू ताठर होते. म्हणून मान तापवून मऊ करतात. या धातुविज्ञानात भारतातल्या पावसाळ्याचा वाटा आहे. ब्रिटिश फौजेची इथे साठवलेली काडतुसे पावसाळ्यात न वापरताच तडकत. कारण नीट उलगडले ते १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या अभ्यासातून: पितळ घडवताना आत राहिलेला ताण आणि दमट हवेतला अमोनिया. घोड्यांच्या तबेल्यांत साठा ठेवल्यावर अमोनियाला काय तोटा! लष्करी पुंगळीच्या मानेवर आजही निळसर-तपकिरी छटा दिसते, ती तिथे दिलेल्या उष्णतेची खूण असते.

मोजमापाचा इतिहास मला या विषयातला सर्वांत रम्य भाग वाटतो. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये टांगलेल्या लाकडी लोलकावर गोळी झाडून तो किती झुलतो यावरून वेग काढला. पुढच्या शतकात ल बुलांजे या बेल्जियन अधिकाऱ्याने विद्युतचुंबकांना दोन दांड्या लटकवल्या. गोळीने पहिली तार तोडली की लांब दांडी सुटायची. दुसरी तार तुटली की आखूड दांडी पडून एका पात्याची कळ दाबायची आणि ते पाते पडत्या लांब दांडीवर खाच पाडायचे. खाच किती उंचीवर पडली, यावरून वेळ निघे. शाळेतले गुरुत्वाकर्षण एवढ्या ऐटीत क्वचितच वापरले गेले असेल.

फ्रँकलिन मान हा मॅसॅच्युसेट्सचा डॉक्टर, कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापायच्या यंत्रावर पैसा मिळवलेला. त्याने आयुष्याचा मोठा भाग गोळ्या भरकटतात का, हे शोधण्यात घालवला आणि १९०९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून त्या कागदी पडद्यांतून कशा जातात हे तो पाही. त्याची चिकाटी आजच्या अनेक हौशी मंडळींत नाही, हे स्पष्टच सांगतो. पाच गोळ्यांचा एक छान ग्रुप पडला की ‘सापडले’ म्हणून मोकळे होतात. एकाच डब्यातल्या काडतुसांचे पाच-पाचांचे ग्रुप घेत राहिलात तर एखादा दुसऱ्याच्या दुप्पट सहज निघतो, काहीही न बदलता. दारू पेटवणाऱ्या प्राइमरची पुंगळीतली खोबण घासणे, पुंगळ्या तोलून लावणे अशा कितीतरी रिवाजांना याहून भक्कम आधार नाही. दारू तोलणे आणि मान सारखी ठेवणे यांना मात्र आहे.

या पुस्तकात दारूचे एकही माप दिलेले नाही. नळीत उठणारा दाब वातावरणाच्या चार हजार पटींवर जातो आणि गोळी, नळी किंवा हवेचे तापमान बदलले की तेच माप जिवावर बेतू शकते. शिवाय आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. तिथे रुजलेल्या बॉक्सर प्राइमरच्या पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते, त्यातून सुई घालून जुना प्राइमर सहज काढता येतो. बॉक्सर इंग्रज होता. अमेरिकन बर्डनची दोन छिद्रांची रचना मात्र युरोपात पसरली.

बंदूक कधी हातात न धरलेल्या वाचकाने मोजमापाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे शालेय भौतिकशास्त्र पुरते. वाऱ्याचे प्रकरण सर्वांत लांब आहे, कारण पुंगळीतला सगळा फरक मिटवल्यावरही हजार यार्डांवर सर्वाधिक गुण वाराच खातो.