तळ्याचे पाणी आणि चार हुतात्मे

आपल्या या सीमाभागात एक कानडी लोकगीत प्रसिद्ध आहे. मल्लनगौडाने तळे खणले, पण पाणी लागेना. सुनेचा बळी द्यावा, असे निघाले. थोरलीवाचून घराचे अडते, म्हणून निवड धाकट्या भागीरथीवर आली. बळी दिला, तळे भरले. परंतु लढाईवरून परतलेल्या तिच्या पतीने त्याच पाण्यात उडी घेतली. गावाची तहान भागली, याचा हिशेब त्याला पटला नाही.

असाच हिशेब सोलापुरात १९३० साली मांडला गेला. महात्माजींना ५ मे रोजी अटक झाली आणि शहर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला. जमावाने पोलिसांना ठार मारले, न्यायालयाची इमारत पेटविली. काही दिवस येथे इंग्रजांचे राज्यच उरले नव्हते. १२ मे रोजी लष्करी कायदा जारी झाला. पुढे दोन पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले.

न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले; हे खून त्यांनी केलेच नव्हते, असे सोलापूर आजही मानते. सोलापूरचे म्हणणे खरे, तर सरकारला गुन्हेगार नव्हे, जरब हवी होती. राज्य टिकावे म्हणून चौघे गेले तर काय बिघडले, हा तो हिशेब.

पण जरा आपल्याकडेही पाहू. मारले गेलेले पोलीस पोटासाठी चाकरी करणारी माणसेच होती. जमावाने त्यांना मारले, तेव्हा कोणत्या मोठ्या कार्याचा हिशेब मांडला होता? १९२२ साली चौरीचौऱ्यात बावीस पोलीस मारले गेले, तेव्हा गांधीजींनी चालू आंदोलनच थांबविले. स्वराज्याचे तळे अशा पाण्याने भरणे त्यांना नको होते.

स्वतःचा प्राण देण्याचा अधिकार माणसाला असेल. दुसऱ्याचा देण्याचा नाही. चौघांना आपण हुतात्मे म्हणतो, ते योग्यच आहे. परंतु त्या गौरवात एक धोका आहे. त्यांच्या मरणाने चळवळ वाढली, म्हणून ते मरण सार्थकी लागले असे आपण म्हणू लागलो, तर मल्लनगौडाच्याच ओळीत जाऊन बसू. चौकातील त्यांच्या पुतळ्यांना हार घालताना अभिमानाबरोबर थोडा संतापही शिल्लक असू द्यावा. ते जगायला हवे होते.